वैद्य, मुडदा आणि मध्ययुग: वैद्यच गुप्तहेर असलेल्या कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी या एकाच जातीच्या कादंबऱ्यांमागे लागले आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण कपाटासमोर उभा राहून साधारण तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. खुनी कोण, हे कुठेही फोडलेलं नाही.

हा नेमका प्रकार काय आहे?

काळ बाराव्या ते पंधराव्या शतकाचा, जागा बहुतेक वेळा इंग्लंडमधलं एखादं गाव, मठ किंवा नवंकोरं विद्यापीठ. खून होतो. तपास करणारा माणूस पोलीस नसतो, कारण पोलीस हा प्रकारच अजून जन्मलेला नसतो. तो असतो वैद्य, शल्यवैद्य किंवा झाडपाल्याची औषधं करणारा साधू. बोटांचे ठसे, रक्ताची तपासणी, डीएनए, यातलं काही नाही. हातात मेणबत्ती, समोर उघडं प्रेत, आणि खोलीत 'लवकर आटपा, पुरायचंय' म्हणणारे चार नातेवाईक.

वैद्यच का? सरदार, वकील, पाद्री का नाही?

एक कारण उघड आहे: मेलेलं शरीर त्याला वाचता येतं. माझ्या मते मोठं कारण दुसरं आहे. वैद्याला सगळ्यांच्या घरात जाता येतं. सकाळी तो किल्लेदाराच्या बायकोची नाडी बघतो, दुपारी चर्मकाराच्या पोराचा मोडलेला हात बांधतो, रात्री मठात म्हाताऱ्या साधूच्या उशाशी बसतो. त्या काळात वर्गावर्गांमधल्या भिंती इतक्या उंच होत्या, की सगळ्या मजल्यांवर फिरणारी माणसं दोनच, वैद्य आणि पाद्री. पाद्र्याला कबुलीजबाबातलं बोलायची बंदी. उरला वैद्य.

आणि लोक वैद्यासमोर बोलतात. अंगावरचा कपडा उतरवलेला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही.

'मध्ययुगीन' म्हणजे नक्की कधीचं?

इंग्लंडपुरतं बोलायचं तर साधारण १०६६ ते १४८५. त्यातले दोन काळ लेखकांना फार आवडतात. एक बाराव्या शतकाचा: आधी स्टीफन आणि मॉड यांचं गादीसाठीचं यादवी युद्ध, मग दुसऱ्या हेन्रीचं राज्य. दुसरा १३४८ ची महामारी आणि तिच्यानंतरची वीसेक वर्षं. गोंधळाच्या काळात एखादा जास्तीचा मुडदा सहज खपून जातो, म्हणून असावं.

सुरुवात कुठून करू?

सुझॅना ग्रेगरीच्या मॅथ्यू बार्थोलोम्यूपासून. हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझे दोन मित्रांशी कायमचे मतभेद आहेत.

पहिली कादंबरी 'अ प्लेग ऑन बोथ युवर हाउसेस', १९९६ ची. काळ १३४८, जागा केंब्रिज. बार्थोलोम्यू मायकेलहाउस नावाच्या कॉलेजात वैद्यक शिकवतो. हे कॉलेज खरंखुरं होतं. १३२४ मध्ये स्थापन झालं आणि १५४६ मध्ये आठव्या हेन्रीनं ते दुसऱ्या एका संस्थेसह ट्रिनिटी कॉलेजात विलीन केलं. त्याचं सेंट मायकेल चर्च आजही तिथल्या रस्त्यावर उभं आहे. कादंबरीत कॉलेजचा प्रमुख अचानक मरतो आणि विद्यापीठाला चौकशी नको असते. अब्रूचा प्रश्न! ज्यांनी आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची एक जरी बैठक पाहिली असेल, त्यांना हा भाग फार ओळखीचा वाटेल.

मग महामारी येते, आणि इथे ही कादंबरी नुसती रहस्यकथा राहत नाही. बार्थोलोम्यू पॅरिसला एका अरब गुरूकडे शिकलेला आहे. तो हात धुतो. ऊठसूट रक्त काढत नाही, पत्रिका मांडून औषध देत नाही. त्यामुळे सहकारी त्याला अर्धा पाखंडी समजतात. पण प्लेगपुढे त्याचं शहाणपण आणि त्यांचा मूर्खपणा सारखाच निकामी ठरतो. गाठ कापून पू काढावा का? काही वाचतात, काही मरतात, का ते कळत नाही. विद्यार्थी मरतात, पाद्री मरतात, प्रेतं पुरायला माणसं मिळत नाहीत. आणि या सगळ्यात तो एका खुनाचा माग काढत असतो. शेकडो माणसं मरत असताना एका मरणाचा हिशोब कशाला, हा प्रश्न पुस्तकभर त्याच्या मानगुटीवर बसलेला आहे. पुण्यामुंबईच्या घरांत १८९६-९७ च्या प्लेगच्या गोष्टी पणजी-खापरपणजीकडून झिरपत आल्या आहेत. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेली माणसं, मेलेले उंदीर. आपल्याला ही पानं परकी वाटत नाहीत.

सोबतीला ब्रदर मायकेल आहे. बेनेडिक्टाइन पंथाचा साधू, खादाड, लठ्ठ, धूर्त, आणि एलीच्या बिशपचा माणूस. 'मी लठ्ठ नाही, माझी हाडंच मोठी' या चालीवर त्याचं सतत चालू असतं. पहिल्या दोन पुस्तकांत तो चिडवतो, तिसऱ्यापासून त्याच्याशिवाय करमत नाही.

मालिकेत एकूण २५ पुस्तकं आहेत. ग्रेगरी हे टोपणनाव. बाई केंब्रिजमध्येच संशोधक होत्या आणि त्याआधी कॉरोनरच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात काम केलेलं. प्रेताभोवती सरकारी माणसं कशी वागतात हे त्यांना पाठ आहे, आणि ते पानापानावर दिसतं.

ब्रदर कॅडफेल वैद्य धरायचा का?

धरायचा. पदवी नाही, पण हात आहे. एलिस पीटर्सचा कॅडफेल तरुणपणी क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात, लढला, समुद्रावर भटकला आणि चाळिशीनंतर श्रूजबरीच्या मठात साधू झाला. तिथे तो औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. पहिलं पुस्तक १९७७ चं, एकूण २० कादंबऱ्या, कथा वेगळ्या. आजच्या या सगळ्या वैद्य-गुप्तहेरांचं कुळ त्याच्यापासून सुरू होतं, असं म्हणायला हरकत नाही.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या कादंबरीत स्टीफन राजा श्रूजबरीचा किल्ला जिंकतो आणि आतल्या ९४ शिपायांना फासावर देतो. कॅडफेल प्रेतांना नीट मूठमाती मिळावी म्हणून पुढे होतो. ओळीनं निजवतो, मोजतो. ९५ भरतात. पुन्हा मोजतो. ९५. राजाच्या हिशोबात न बसणारं एक प्रेत कुणीतरी त्या ढिगात लपवलेलं आहे. खून लपवायला ढिगाएवढी चांगली जागा नाही, आणि तो उघडा पाडायला शांतपणे मोजणारा एक म्हातारा पुरतो. अंकगणिताचा असा उपयोग मी दुसऱ्या कुठल्याच रहस्यकथेत पाहिलेला नाही.

टीव्ही मालिका (१९९४ ते १९९८, डेरेक जॅकोबी) चांगली आहे, पण बागेचा वास पुस्तकातच येतो.

त्या काळात बाई वैद्य असू शकत होती का?

हा प्रश्न एरियाना फ्रँकलिनच्या 'मिस्ट्रेस ऑफ द आर्ट ऑफ डेथ' (२००७) मुळे येतो. नायिका एडेलिया, सालेर्नोत शिकलेली, आणि तिचं वैद्यक जिवंतांचं कमी, मेलेल्यांचं जास्त. डुकरांची कलेवरं वेगवेगळ्या मातीत पुरून ती कधी आणि कशी कुजतात याचा तिनं अभ्यास केलेला असतो. ११७१ मध्ये केंब्रिजला लहान मुलांचे खून होतात, आळ तिथल्या ज्यूंवर येतो, जमाव उठतो, ज्यू किल्ल्यात आश्रय घेतात. दुसऱ्या हेन्रीला खरा खुनी हवा असतो. न्यायाची चाड हे एक कारण. ज्यूंकडून येणारा कर बंद पडलाय, हे दुसरं आणि जास्त खरं. म्हणून सिसिलीहून गुपचूप मंडळी येतात. इंग्लंडमध्ये बाईनं उघड वैद्यकी केली तर चेटकीण ठरेल, म्हणून एडेलियाचा सोबती मन्सूर वैद्य असल्याचं सोंग करतो आणि ती त्याची दुभाषी असल्याचं.

आता इतिहास. दक्षिण इटलीतलं सालेर्नो हे मध्ययुगीन युरोपातलं सर्वांत जुनं नावाजलेलं वैद्यक केंद्र. तिथं ग्रीक, अरबी, ज्यू, लॅटिन अशा सगळ्या विद्या एकत्र आल्या. बाराव्या शतकात तिथे त्रोता नावाची बाई वैद्यकी करत होती आणि तिच्या उपचारांचं लेखन आजही उपलब्ध आहे. तेव्हा बाई वैद्य होती, हे पक्कं. तिनं प्रेतं चिरून मृत्यूचं शास्त्र उभं केलं, ही मात्र लेखिकेची झेप. मी ती आनंदानं माफ केलीय. एडेलियाच्या तोंडची काही वाक्यं सरळ एकविसाव्या शतकातली आहेत आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली तर मी वाद घालत नाही. पण पुस्तक खाली ठेवता येत नाही.

फ्रँकलिन म्हणजे पत्रकार डायना नॉर्मन. २०११ मध्ये त्या गेल्या. एडेलियाची शेवटची कादंबरी त्यांच्या मुलीनं पूर्ण केली.

पंधराव्या शतकातली वैद्यीण हवी असेल तर कँटरबरीची कॅथरिन स्विनब्रुक आहे. पहिल्या पुस्तकात कुणीतरी संत टॉमस बेकेटच्या समाधीला आलेल्या यात्रेकरूंना विष घालतंय. वाचनीय, पण थोडं घाईत उरकलेलं.

मुलांच्या खुनांचा आळ ज्यूंवर, हे खरं घडलेलं आहे?

दुर्दैवानं हो. ११४४ मध्ये नॉरिच इथे विल्यम नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनी विधीसाठी त्याला मारलं अशी अफवा रचली गेली. युरोपभर पसरलेल्या त्या विषारी कहाणीची इंग्लंडमधली सुरुवात इथून धरतात. १२९० मध्ये तर राजानं सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. फ्रँकलिनची केंब्रिजची घटना काल्पनिक आहे, पण ती कुठल्या मातीतून उगवली ते यावरून कळावं.

याच धाग्यावर कॅरोलाइन रोची मालिका आवर्जून वाचा. काळ १३५३, जागा स्पेनमधल्या कॅटालोनियातलं जिरोना. नायक आयझॅक, ज्यू वैद्य, आणि आंधळा. शहराचा बिशप त्याचा रुग्ण आणि मित्र. त्या राज्यात ज्यू वैद्यांना खरोखरच मोठा मान होता, राजेही त्यांच्याकडून औषध घेत. आयझॅक आवाजावरून, वासावरून, बोटांच्या स्पर्शावरून निदान करतो, आणि डोळ्यांचं काम मुलगी राकेल करते. ती जे पाहते ते नेमक्या शब्दांत सांगायला शिकते, आणि वाचकही तिच्याबरोबर शिकतो. आठ पुस्तकं आहेत, रक्तपात कमी. घाई असलेल्यांनी वाटेला जाऊ नये.

मध्ययुगात प्रेत चिरायला चर्चची बंदी होती ना?

सरसकट बंदी होती हा लोकप्रिय गैरसमज आहे. दोन वेगळे आदेश एकात मिसळून तो तयार झाला. चर्चच्या १२१५ च्या परिषदेनं वरिष्ठ धर्मगुरूंना चिरफाडीची, डाग देण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. म्हणजे मनाई त्या पदावरच्या माणसांना होती. १२९९ मध्ये आठव्या बोनिफेस पोपनं परमुलखात मेलेल्या सरदारांची प्रेतं उकळून हाडं गावी न्यायची जी चाल पडली होती, तिच्याविरुद्ध आज्ञा काढली. त्यातही वैद्यकीय विच्छेदनाचा विषय नव्हता.

उलट १३०२ मध्ये बोलोन्यात आझोलिनो नावाच्या माणसाच्या मृत्यूत विषप्रयोगाचा संशय आला तेव्हा न्यायालयानं वैद्य आणि शल्यवैद्य नेमून प्रेत उघडायला लावलं. त्यांनी सांगितलं, विष नाही. म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल १३०२ चा! पुढे १३१६ च्या सुमारास त्याच शहरात मोंदिनो नावाच्या वैद्यानं विच्छेदनाचं पुस्तक लिहिलं आणि ते दोनेकशे वर्षं शिकवलं गेलं.

इंग्लंड मात्र या बाबतीत मागे होतं. म्हणूनच बार्थोलोम्यूनं चोरून प्रेत तपासलं की त्याच्या गळ्याशी येतं, आणि म्हणूनच लेखक आपल्या वैद्यांना शिकायला इटलीला किंवा पॅरिसला पाठवतात. ही सोय एकदा लक्षात आली की प्रत्येक मालिकेत दिसू लागते.

पोलीस नव्हते, मग खुनाची नोंद कोण घेई?

कॉरोनर. हे पद इंग्लंडमध्ये ११९४ मध्ये निर्माण झालं, आणि आपल्या मुंबईत ते १९९९ पर्यंत टिकून होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. मुळात हेतू न्यायापेक्षा वसुलीचा. सिंहहृदयी रिचर्डला कैदेतून सोडवायला १,५०,००० मार्कांची खंडणी ठरलेली, तिजोरीत खडखडाट. म्हणून अकस्मात मृत्यू झाला की कॉरोनरनं यायचं, गावातले पंच गोळा करायचे, प्रेत पाहायचं आणि दंडाला कुठे वाव आहे ते टिपायचं. एखाद्याला बैलगाडीनं चिरडलं तर त्या गाडीची किंमत राजाला. मेलेला माणूस इंग्रज असल्याचं गावाला सिद्ध करता आलं नाही, तर तो नॉर्मन, म्हणजे राज्यकर्त्यांच्या जमातीतला, धरून सगळ्या गावाला दंड. प्रेत पहिल्यांदा ज्याला दिसलं त्यानं आरडाओरडा करून शेजारी जमवायचे, नाहीतर त्यालाही दंड.

अशा व्यवस्थेत माणसं काय करतील? अंधार पडला की प्रेत उचलून शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकवतील. 'ही हद्द आमची नाही' या वाक्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

या विषयावर बर्नार्ड नाइटची क्राउनर जॉन मालिका आहे. नायक वैद्य नाही, एक्सेटरचा पहिला कॉरोनर आहे. पण लेखक स्वतः न्यायवैद्यकाचे प्राध्यापक, त्यामुळे जखमांची वर्णनं अशी, की जेवताना वाचू नये.

विष कसं ओळखत?

आर्सेनिकसाठी भरवशाची रासायनिक चाचणी १८३६ ची. त्याआधी वास, चव, लक्षणांचा क्रम, आणि उरलेलं अन्न कुत्र्याला घालून बघणं, एवढंच. म्हणून या कादंबऱ्यांत वनस्पतीजन्य विषांची चलती असते, कारण त्यांची लक्षणं ठळक असतात आणि वैद्याला वनस्पती माहीत असतात.

कॅडफेलच्या 'मंक्स हूड' मध्ये विष आहे बचनाग, आपल्या वैद्यांचा वत्सनाभ. त्याच्या जातीचं युरोपी झाड तिथे साधूच्या टोपीसारख्या फुलावरून ओळखलं जातं. कॅडफेल त्या मुळाचं तेल म्हाताऱ्या साधूंच्या दुखऱ्या सांध्यांना चोळायला देतो. बाहेरून लावलं तर उपाय, पोटात गेलं तर काही तासांत मरण: आधी ओठ-जीभ झिणझिणते, मग बधिर होते, मग हृदय. एका यजमानाच्या ताटातल्या रश्श्याला कॅडफेलला आपल्याच तेलाचा वास येतो. औषध आपण बनवलं, बाटली आपल्या झोपडीतून गेली. तिथून पुढे तो तपास करतो तो अर्धा खुन्याचा आणि अर्धा स्वतःचा.

माझ्या आजोळी फळीवर एक बरणी असायची, तिला हात लावला की आजी ओरडायची. 'चोळायचं आहे, चाटायचं नाही.' हे पुस्तक वाचताना ती बरणी सतत डोळ्यांसमोर होती.

लघवी बघून रोग सांगत, हे खरं की विनोद?

खरं. फुगीर काचेचं भांडं उजेडात धरून रंग, गढूळपणा, गाळ पाहायचा. रंगांचे वीसेक प्रकार दाखवणारे तक्ते होते. चित्रांत वैद्य ओळखू यावा म्हणून त्याच्या हातात हेच भांडं देत, आज स्टेथोस्कोप देतात तसं. काही वेळा रुग्ण यायचाच नाही, नोकराबरोबर बाटली यायची.

त्यामागचा सिद्धांत चार द्रवांचा: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. त्रिदोष ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. इंग्रज वाचकांना मात्र लेखक दोन-दोन पानं समजावतात, ती खुशाल उडी मारून पुढे जा. रक्त काढणं आणि दात उपटणं ही कामं न्हावी करत. तुंबड्या लावणारा न्हावी आपल्याकडेही होताच.

पण हे वैद्य जरा जास्तच आधुनिक नाहीत का?

आहेत. या प्रकाराचं हेच खरं दुखणं आहे. हात धुणारा, ज्योतिष न मानणारा, बायकांना बरोबरीनं वागवणारा चौदाव्या शतकातला वैद्य म्हणजे आजचाच एखादा भला डॉक्टर झगा घालून उभा केलेला. १३४८ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं राजाला लिहून दिलं, की महामारीचं मूळ मार्च १३४५ मध्ये कुंभ राशीत झालेली शनी, गुरू आणि मंगळ यांची युती. ही त्या काळची सर्वोच्च विद्या. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये. तेव्हा १३४८ चा हुशार वैद्य चुकणारच, आणि तो चुकला पाहिजे.

माझी कसोटी साधी आहे: कादंबरीतला वैद्य एखाद्या रुग्णाला आपल्या अज्ञानापायी गमावतो का? गमावत असेल तर पुस्तक खरं. मेलेल्या माणसाबद्दल तो अचूक सांगू शकतो आणि जिवंत माणसासाठी फारसं काही करू शकत नाही, या विसंगतीवर हा सगळा डोलारा उभा आहे. बार्थोलोम्यू या कसोटीला उतरतो. मेल स्टारचा ह्यू डी सिंगलटनही बऱ्याच अंशी उतरतो. तो ऑक्सफर्डजवळच्या बॅम्प्टन गावातला शल्यवैद्य, आणि पहिल्याच पुस्तकात किल्ल्याच्या संडासाच्या खड्ड्यात हाडं सापडतात. जखम मलमानं लिंपायची की कोरडी उघडी ठेवायची, यावर तेव्हा खरोखर वाद होता. ह्यू आँरी द माँदव्हील या फ्रेंच शल्यवैद्याच्या बाजूचा. तो स्वतःच्या पद्धतीबद्दल साशंक असतो, आणि म्हणून पटतो.

खरा माणूस हवा असेल तर गी द शोलियाक. पोपचा वैद्य, १३४८ मध्ये आव्हिन्यॉंला थांबला, त्याला स्वतःला प्लेग झाला, वाचला. पळून जावंसं वाटलं होतं, पण अब्रूच्या भीतीनं गेलो नाही, असं त्यानं प्रांजळपणे लिहून ठेवलंय. असा वैद्य कादंबरीकारांनी अजून जास्त वापरायला हवा होता.

क्रमानंच वाचायच्या का?

बार्थोलोम्यू आणि एडेलिया, हो. कॅडफेल कुठूनही. मी स्वतः फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली म्हणून बार्थोलोम्यूची सातवी आधी वाचली आणि पहिल्या सहांतली अर्धी गंमत घालवली.

इंग्रजी फार जड आहे का?

नाही. मठातली आणि कपड्यालत्त्याची पन्नासेक नावं अडतात, मग सुटतात. पीटर्सची वाक्यं लांब आहेत, ती सावकाश वाचावीत. शाळकरी मुलांना कॅडफेल जरूर द्या; एडेलिया नको, तिथे मुलांचे खून जवळून दाखवलेत.

आपल्या मध्ययुगात अशी मालिका का नाही?

ही तक्रार माझी आहे, प्रश्न म्हणून लोकांच्या तोंडी घालतेय. सामग्री काय कमी आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'आशुमृतकपरीक्षा' असं अख्खं प्रकरण आहे. अचानक मेलेल्याच्या प्रेताला तेल लावून तपासावं. गळ्यावर वळ, उघडे राहिलेले डोळे दिसले तर श्वास कोंडून मारलं समजावं. पोटातलं अन्न काढून आगीत टाकावं, ते चिटचिटलं आणि इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर विष. रसायनशास्त्राला हे कितपत पटेल ते सोडा, कादंबरीतल्या प्रकरणाचा शेवट म्हणून याहून चांगलं काय मिळणार?

तेराव्या शतकातली देवगिरी घ्या. यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावर आपण देवळांची शैली आणि मोडी लिपीही घालतो, त्यानं अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयातला बोपदेव हा वैद्याचा मुलगा, केशवाचा. दरबार, वैद्य, कारस्थानं, आणि उत्तरेकडून येणारं सैन्य. कुणीतरी फक्त पहिला मुडदा टाकायचा बाकी आहे.

थोडं पुढचं चालत असेल तर गोव्यातला गार्सिया द ओर्ता. १५३४ मध्ये आला, मूळचा ज्यू घराण्यातला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध देणारा, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथाचा लेखक. चोर अन्नात धोतरा घालून लुटतात, हे त्यानं लिहून ठेवलंय. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली.

कादंबरी पुरे. मध्ययुगातला खरा तपास कुठे वाचायला मिळेल?

चीनमध्ये. सोंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्यानं १२४७ मध्ये प्रेततपासणीचं पुस्तक लिहिलं. गळफास आधी की नंतर, बुडाला की बुडवला, भाजलेल्याच्या तोंडात राख आहे का, असं सगळं त्यात आहे. इंग्रजी भाषांतर मिळतं.

त्यातली एक हकीकत. रस्त्याच्या कडेला एक माणूस मेलेला सापडतो, अंगावर दहाएक वार, अंगावरचं सामान जागच्या जागी. म्हणजे चोरी नाही, वैर. जखमा विळ्याच्या दिसतात. अधिकारी बायकोला विचारतो, नवऱ्याचं कुणाशी वाकडं होतं का? ती म्हणते तसं काही नाही, एक जण उसने पैसे मागत होता, यांनी दिले नाहीत. अधिकारी आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणायला सांगतो. लपवेल तो खुनी. सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर मांडले जातात. दिवस उन्हाळ्याचे. सगळे उभे. थोड्या वेळानं एका विळ्यावर माश्या येऊन बसतात, बाकीच्यांवर एकही नाही. विळा कुणाचा? तोच, उसने मागणारा. तो नाकारतो. अधिकारी म्हणतो, बाकीच्या विळ्यांवर माशी नाही. तू माणूस मारलास, पात्याला अजून रक्ताचा वास आहे.

वैद्य या गोष्टीत कुठेच नाही. विळा धुऊन लखलखीत केलेला होता.